उचंत खातं

पहिल्या दिवशी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी 'परिसर अभ्यास' या रकान्यात 'कबुतर' असं लिहिलं आणि अडकलो.

स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जाळीत कबुतराने चार काटक्या टाकून अंडी घातली होती. थोरलीने ती मोजली. दोन. पिल्लं कधी येतील म्हणून विचारलं. मी फोनवर बघून साधारण अठरा दिवस सांगितले. तिने भिंतीवरच्या कालनिर्णयात बोटाने अठरा चौकोन मोजले, मध्येच जून संपला म्हणून पान उलटलं आणि तारीख काढली. तेवढ्यात धाकट्याने कबुतराचं बारसं केलं, त्या नावाचं गाणं रचलं, आणि ते नाव नको म्हणून दोघं भांडले. माझ्यापुढे सात रकाने होते: मराठी, इंग्रजी, हिंदी, गणित, परिसर अभ्यास, कला, शारीरिक शिक्षण. मोजणं गणितात गेलं. गाणं मराठीत घालायचं की कलेत? भांडण तर शारीरिक शिक्षणात धरावं इतकं रंगलं होतं. अकरा वाजेपर्यंत मी हाच हिशेब करत बसलो आणि पोरं खिडकीला नाक लावून उभी होती.

माझी थोरली आठ वर्षांची, धाकटा पाचाचा. बायको बँकेत, सकाळी आठची लोकल. मी मालाडलाच माइंडस्पेसमधल्या ऑफिसात दुपारी तीनच्या शिफ्टला जातो, म्हणून सकाळ माझी. दुपारनंतर पोरं समोरच्या बाईंकडे. बाई पालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्या. लहानपणी मी त्यांच्याकडेच पाढे म्हणायला बसायचो, त्यामुळे त्या मला अजून अरे-तुरे करतात. थोरलीची शाळा का सोडवली ते सांगत बसत नाही. शाळेने काही वाईट केलं नव्हतं. पोरगी तिथे गप्प होत चालली होती आणि घरी आल्यावर तोंड उघडायला तिला संध्याकाळ लागायची, एवढंच.

तर मे महिन्यात मी तयारीला लागलो. तयारी म्हणजे काय, तर छपाई. बावन्न आठवडे, दर आठवड्याला एक पान, पानावर सात रकाने, खाली 'पालकाची सही' अशी जागासुद्धा. सही करणारा मी आणि बघणाराही मीच, हे तेव्हा सुचलं नाही. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याने स्पायरल घालता घालता विचारलं, "साहेब, क्लास काढलाय का?" मी नुसता हसलो.

माझी मावसबहीण पिट्सबर्गला असते. तिची मुलंही घरीच शिकतात. तिकडे पेनसिल्व्हेनियात १९८८ सालचा कायदा आहे: वर्षाला १८० दिवस किंवा, प्राथमिक वर्गाला, ९०० तास शिकवल्याची नोंद हवी, वापरलेल्या पुस्तकांची नावं हवीत, मुलाच्या कामाचे नमुने हवेत, आणि वर्षअखेरीस एक मान्यताप्राप्त मूल्यमापक येऊन मुलाशी बोलून, ते सगळं बघून लिहून देतो. तिने तिच्या फाइलींचे फोटो पाठवले. तीन कड्यांच्या जाड फाइली, रंगीत पट्ट्या, पारदर्शक पाकिटांत चित्रं. मी भारावलो. संध्याकाळी जाऊन तशीच फाइल आणली, वर दोनशे पाकिटं.

ती फाइल जुलैत मेली. जूनच्या शेवटी आम्ही मालाडच्या खाडीच्या कडेला तिवरं बघायला गेलो होतो. तिवर खाऱ्या चिखलात उभं राहतं आणि नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. पान चाटलं की जिभेला कळतं. दोघांनी ती चाटली, मीही चाटली, आणि चार पानं घरी आणून पाकिटात घातली. मिठाने पावसाळी हवेतलं पाणी ओढलं. तीन आठवड्यांनी लॉफ्टवरून फाइल काढली तर पानांवर हिरवी-पांढरी लव, शेजारच्या पाकिटातल्या चित्रावरही तीच, आणि उघडल्यावर असा वास आला की धाकटा म्हणाला, "बाबा, यात मासा ठेवलाय?" पिट्सबर्गच्या कोरड्या कपाटासाठी काढलेली युक्ती मालाडच्या लॉफ्टवर चालत नाही.

बायकोने फाइल गॅलरीत वाळत घातली आणि विचारलं, "हे सगळं मागणार कोण आहे?"

मी शोधायला बसलो. आपल्याकडचा शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० ला लागू झालेला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलंय. न घालणाऱ्या पालकाला दंड मात्र सांगितलेला नाही, आणि घरी शिकवणाऱ्यांचा त्यात उल्लेखच नाही. आमच्यासारखे लोक त्या न बोललेल्या जागेत राहतात. पुढे दहावीला बसवायचं तर एनआयओएस आहे, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थान, १९८९ पासूनची. तिथे दहावीसाठी वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात, जन्माचा पुरावा लागतो, आणि आठवीचा दाखला नसेल तर मूल दहावीचा अभ्यास झेपण्याइतकं शिकलंय असं आपणच लिहून दिलेलं चालतं. तिवराची पानं कोणी मागत नाही.

"म्हणजे सहा वर्षं या फाइलीकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही," बायको म्हणाली.

खरं तर फाइल मला हवी होती. मुलीला शाळेतून काढणारा बाप रात्री अकराला शिफ्ट संपवून लिंक रोडवरून घरी येतो, तेव्हा त्याच्या हातात काहीतरी जाड, बांधलेलं, तारीखवार असलं की त्याला झोप लागते.

बाईंनी माझी सात रकान्यांची वही प्रथम बघितली ती या दिवसांत. चष्मा लावून दोन पानं वाचली आणि विचारलं, "हे टाचण आहे की नोंद?"

मला दोन्हींत फरक आहे हेच ठाऊक नव्हतं. टाचण, त्या म्हणाल्या, उद्या काय शिकवणार ते आदल्या दिवशी लिहायचं. नोंद म्हणजे आज काय घडलं. "तू दोन्ही एकाच चौकोनात कोंबतोयस. सकाळी 'बेरीज' लिहितोस. दिवसभरात बेरीज होत नाही. मग रात्री तिथेच 'आवडीने केलं' असं लिहून मोकळा होतोस." त्यांनी मोजलं. जून महिन्यात मी एकतीस वेळा 'आवडीने केलं' लिहिलं होतं.

मग त्यांनी त्यांच्या नोकरीतली गोष्ट सांगितली. २०१० च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. पहिली ते आठवीच्या मुलांना नुसते गुण देऊन भागेना, प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या. कल्पना चांगली होती, बाई आजही चांगलीच म्हणतात. पण वर्गात पन्नास पोरं आणि विषय आठ. महिनाभरात तयार वाक्यांच्या याद्या शाळाशाळांत फिरायला लागल्या: उपक्रमात उत्साहाने भाग घेतो, स्वच्छतेची आवड आहे, प्रश्न विचारते. शिक्षक यादीतून वाक्य उचलायचे आणि मुलापुढे चिकटवायचे. "पन्नास मुलांच्या बाईला ते मी माफ करते," त्या म्हणाल्या, "तुला दोनच आहेत."

त्यांनी एक नियम घालून दिला. डोळ्यांनी दिसलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच लिहायचं. 'वाचन चांगलं' ही नोंद नाही, ते मत. 'किशोरमधली गोष्ट मोठ्याने वाचली, जोडाक्षर आलं की आधी ओठ हलवते मग बोलते, दोन ठिकाणी हसली' ही नोंद. त्यांच्या कपाटात लीलाताई पाटलांची पुस्तकं होती. १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढणाऱ्या त्या लीलाताई. मुलं काय लिहितात आणि त्यातून शिक्षकाने काय शिकायचं यावर त्या कित्येक वर्षं लिहीत राहिल्या. बाईंनी पुस्तक दिलं आणि वर बजावलं, "हे वाचून पुन्हा नवे रकाने पाडू नकोस."

मी पाडले. नऊ. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी २७२ नंबरच्या बसने आम्ही मार्वेला गेलो. बेत होता तरीने पलीकडे मनोरीला जाऊन परत यायचं. त्या दिवसाचं माझं टाचण असं होतं: 'जलवाहतूक. बोटीचे भाग. इंग्रजी शब्द ५.' पोचलो तेव्हा ओहोटी होती. चिखल लांबवर उघडा पडला होता, त्यात बोटी कलंडून पडलेल्या. धाकट्याने खेकडे मोजायला घेतले. थोरली जेटीजवळ टोपली घेऊन बसलेल्या कोळीणमावशींकडे गेली आणि पाणी कधी येणार म्हणून विचारलं.

"आज चौथ. तीनला भरेल," त्या म्हणाल्या. ना घड्याळ बघितलं, ना समुद्राकडे.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तिथीची पाऊणपट करायची. एवढंच."

बसमध्ये थोरली गप्प होती. ही गप्प पूर्वीच्या शाळेतल्या गप्पपेक्षा वेगळी होती. मीठ चौकी आली तेव्हा तिने विचारलं, "पाऊणपट म्हणजे चारातला एक भाग काढून टाकायचा ना?" चाराची पाऊणपट तीन. घरी पोचल्यावर चपला न काढता ती कालनिर्णयासमोर उभी राहिली. प्रत्येक चौकोनात तिथी छापलेली असते हे तिला पहिल्यांदाच दिसलं. आम्ही सगळे तिथे फक्त दूध आणि गॅस लिहायचो.

त्या रात्री तिने चिपळूणच्या आजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, फोन करून पाऊणकी विचारली. त्यांना ती पाठ होती: एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. पाऊणकी, सव्वाकी, दीडकी हे पाढे माझ्या पिढीने पाठ केलेच नाहीत. आठ वर्षांची पोरगी ते नऊच्या ठोक्याला फोनवर म्हणत होती आणि तिकडून म्हातारी चुका काढत होती.

पुढचे पंधरा दिवस तिने वर्तमानपत्रात छापून येणारी मुंबईची भरतीची वेळ आणि मावशींचा नियम शेजारी शेजारी लिहिले. नियम जवळपास यायचा, पण चुकायचा. कधी वीस मिनिटांनी, कधी चाळीस. तिला राग आला. मावशी खोटं बोलल्या का? मग मी बसलो. अमावस्येपासून अमावस्येपर्यंत तीस तिथ्या, आणि तेवढ्यात भरतीची वेळ घड्याळाभोवती एक पूर्ण फेरी मारते, म्हणजे चोवीस तास सरकते. तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं पडतात. मावशींचा पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. दर तिथीला तीन मिनिटांची खोट, पंधरा तिथ्यांत पंचेचाळीस मिनिटं. सगळी चूक यानेच होत नाही, पण एक कारण हे.

"म्हणजे चूकसुद्धा पाऊण तासच!" ती ओरडली.

पेन हातात घेऊन मी नऊ रकान्यांकडे बघत बसलो. गणित? भूगोल? विज्ञान? आजीचा फोन मराठीत? कोळीणमावशी नागरिकशास्त्रात? खेकडे? मार्वेच्या पानावर त्या सकाळी लिहिलेलं 'इंग्रजी शब्द ५' तसंच होतं, पुढे काही नाही. महिन्यातला सगळ्यात मोठा दिवस आणि वहीप्रमाणे तो वाया गेलेला.

हे मी तळमजल्यावरच्या अण्णांना सांगितलं. सल्ला मागायचा विचार नव्हता. लिफ्ट बंद होती, आम्ही दोघं पायरीवर बसलो होतो, म्हणून बोलणं निघालं. अण्णा मस्जिद बंदरला मसाल्याच्या एका पेढीवर चाळीस वर्षं दिवाणजी होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू खतावणी आधी लिहितोयस. मग गोंधळ होणारच."

पेढीवर, ते म्हणाले, सकाळी गिऱ्हाईक आलं की कोणी खातं शोधत बसत नाही. आधी रोजकीर्द. घडेल ते, घडेल त्या क्रमाने, तारखेखाली. हळद गेली, पैसे आले, हमालाला चहा दिला, सगळं एकाखाली एक. दुकान बंद झाल्यावर निवांत बसून त्यातली एकेक रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायची. रोजकीर्दीत विचार करायचा नसतो आणि खतावणीत घाई करायची नसते.

"आणि कुठल्या खात्याला टाकायचं तेच कळलं नाही तर?"

"उचंत खातं कशासाठी असतं मग? रक्कम आली, कोणाची ते कळत नाही. म्हणून काय फेकून देणार? उचंतमध्ये लिहायची. कधीतरी धनी सापडतो."

मी वर आलो आणि स्पायरलची वही रद्दीच्या पिशवीत टाकली. थोरलीने ती सकाळी परत काढली. पानं पाठकोरी आहेत म्हणाली.

आता आमच्याकडे रोजकीर्द म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय. नवीन काही टांगावं लागलं नाही, खिळासुद्धा जुनाच. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये ते काढलं तेव्हापासून मराठी घरांनी त्याच्या चौकोनांत दूध, धोबी, सिलिंडर आणि कामवाल्या मावशींचे खाडे लिहिलेत. तर आपलीही नोंद त्यातच. चौकोन दोन बोटांचा, त्यामुळे पाच-सहा शब्दांपलीकडे काही मावत नाही आणि 'आवडीने केलं' लिहायला जागा उरत नाही. थोरलीची पेन्सिल निळी. धाकट्याला लिहिता येत नाही, तो लाल पेन्सिलीने चित्र काढतो. खेकडा असेल तर आठ पाय, घाई असेल तर चार. एका चौकोनात सध्या असं आहे: 'दूध २. मावशी नाही. दुसरं पिल्लू उडालं.' ही नोंद तिघांनी मिळून केलेली आहे.

रविवारी सकाळी अर्धा तास खतावणी. अण्णांनी स्वतः जाऊन लाल कापडी बांधणीची लांबट चोपडी आणून दिली आणि पहिल्या पानावर श्री काढला. आठवड्याचे सात चौकोन वाचायचे आणि एकेक नोंद तिच्या खात्यावर जरा सविस्तर चढवायची. खात्यांची नावं विषयांची नाहीत. पेढीवर खातं गिऱ्हाइकाच्या नावाने असतं, तसं आमचं खातं गोष्टीच्या नावाने: भरती, कबुतर, दगड, मोठ्याने वाचलेलं, आजी, भांडण आणि तह. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. कळलेलं ते जमा. विचारलं पण उत्तर मिळालं नाही ते नावे. थोरली त्याला उधारी म्हणते. 'कबुतर' खात्यावर दोन महिन्यांपासून एक उधारी आहे: आईबाप पिल्लांना दूध पाजतात असं पुस्तकात आहे, मग कबुतर पक्षी कसं? मला उत्तर अर्धवट माहीत आहे, ते दूध अन्नपिशवीच्या अस्तरातून येतं, पण अर्धवट उत्तराला ती जमा धरत नाही.

उचंत खातं सगळ्यात जाड झालंय. धाकट्याची बरीचशी कामं तिथेच पडतात. 'तासभर पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं, काढलं.' हे कुठे टाकायचं? सप्टेंबरात तो एकदा भांड्यांच्या कपाटातल्या सगळ्या डब्यांना आपापली झाकणं लावत बसला आणि एकही चुकला नाही. तेव्हा उचंतमधल्या त्या नोंदीला धनी मिळाला. थोरलीने तिथे काट मारून नवं खातं उघडलं, 'झाकणं'.

बाकीच्या युक्त्या थोडक्यात. ठोकळ्यांचे मनोरे आणि मातीची धरणं ठेवायला साडेचारशे चौरस फुटांत जागा नाही. फोटो काढायचा, धाकटा त्याबद्दल जे बोलेल ते शब्दशः फोटोखाली लिहायचं आणि मनोरा मोडायचा. तिकिटं, पावत्या, काड्यापेट्यांची लेबलं खाकी पाकिटात, पाकिटावर महिना, आत डांबरगोळी. पानं-फुलं ठेवायची नाहीत, चितारायची. रोज एक चिठ्ठी टाकायची बरणी केली होती. तिच्यात सध्या मणी आहेत.

आजीला रोज संध्याकाळी दोन मिनिटांचा आवाज पाठवायचा हे मात्र आपोआप सुरू झालं. आज काय झालं ते सांगायचं. तारीख-वेळ फोनच लावतो, आणि आजी उलट विचारते, त्यामुळे खरंच समजलंय की नाही ते लगेच उघडं पडतं. मला वाटलं, अशी दुसरी नोंद नाही. मग आजीच्या फोनची जागा भरली आणि गावातल्या कोणीतरी मदत म्हणून सगळं पुसून दिलं. माझ्याकडचे मी आधीच पुसले होते, आजीकडे आहेत म्हणून. तीन महिन्यांचे आवाज गेले. आता दर रविवारी चोपडी झाल्यावर ते संगणकावर उतरवतो.

आणि सुतळी. इतिहासाचं काय करायचं म्हणून मी भिंतीवर सुतळी बांधली. एक वीत म्हणजे शंभर वर्षं, आणि चिमट्यांनी चिठ्ठ्या लावायच्या. सुरुवात घराजवळून. मालाडला बॉम्बे टॉकीज निघाली ते १९३४. काळा घोड्याजवळचं डेव्हिड ससून वाचनालय १८७० चं, त्याचा पिवळा दगड मालाडचा; आपल्या पूर्वेकडच्या क्वारी रोडच्या नावात खाणी अजून आहेत. वाचनालय बघायला गेलो तेव्हा धाकट्याने भिंतीला हात लावून, "हा आपला," असं मोठ्याने जाहीर केलं. एरंगळचं सेंट बोनाव्हेंचर चर्च १५७५. मग थोरलीला कान्हेरीची लेणी लावायची होती, तीही सगळ्यात जुनी. वीस विती मोजल्यावर सुतळी स्वयंपाकघरापासून निघून हॉल ओलांडून दाराबाहेर गेली आणि कान्हेरी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या चपलांच्या कपाटापाशी आली. त्यांनी आधी हरकत घेतली, नंतर चष्मा आणून सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. सुतळीवर एक विचित्र गोष्ट दिसते. जवळजवळ सगळे चिमटे शेवटच्या दोन वितींत दाटीवाटीने, आणि कान्हेरीपासून इकडे लांबच लांब मोकळी दोरी.

"तेव्हा कोणी कालनिर्णय लावत नव्हते का?" थोरलीने विचारलं. उधारीत आहे.

ऑक्टोबरात अण्णांनी आमच्याकडून तेरीज काढून घेतली. सगळ्या खात्यांची एका कागदावर बेरीज, आणि मी घाबरत घाबरत शेजारी शाळेचे विषय लिहिले. गणित भरपूर निघालं, भूगोल त्याहून जास्त. हिंदीच्या नोंदी चार महिन्यांत दोन, त्यातली एक रिक्षावाल्याशी झालेली. हाताने सलग लिहिलेलं पानभरसुद्धा नाही. हे मला फाइलीने किंवा रकान्यांनी कधी सांगितलं नव्हतं, कारण तिथे मीच रोज प्रत्येक चौकोनात काहीतरी भरत होतो. आता ती आठवड्याला एक पत्र लिहिते, चिपळूणला. एक वाक्य हिंदीत असावं अशी अट आहे. आजी त्यावर लाल शाईने शेरे मारून परत पाठवते.

भाऊबीजेला माझे मेहुणे आले. "प्रगतिपुस्तक दाखव बघू," ते भाचीला म्हणाले. त्यांची शंका मला कळत होती. मामींनी मालविका जोशीचं नाव काढलं. आईने सातवीच्या वर्षात दादरच्या शाळेतून काढलेली मुंबईची मुलगी, तिने आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि बारावीचा दाखला नसताना ती २०१६ मध्ये अमेरिकेत एमआयटीला गेली. घरी शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे उदाहरण वर्षातून तीन-चारदा ऐकावं लागतं, कधी धीर द्यायला, कधी धाक दाखवायला. पदकं असली की चोपडी लागत नाही हे खरं. आमच्याकडे पदकं नाहीत, भरतीचा तक्ता आहे.

थोरलीने लाल चोपडी आणून मामांच्या मांडीवर ठेवली. ती नेमकी 'भांडण आणि तह' या खात्यावर उघडली. नावेच्या बाजूला नोंद होती: 'गणपतीत मामा कॅरममध्ये खोटं खेळले. अजून कबूल नाही.' मामांनी पुढची दहा मिनिटं चोपडी वाचली, मग खिशातून पेन काढून त्या नोंदीसमोर जमेच्या बाजूला 'कबूल' असं लिहून सही केली. माझ्या छापील वहीतल्या सहीच्या जागेपेक्षा ही सही बरी.

आता एक विनंती. थोरलीला कळलंय की दूध-गॅसच्या नोंदी असलेलं जुनं कालनिर्णय म्हणजे कोणाच्या तरी घराची रोजकीर्द आहे. आमच्याकडची सगळी रद्दीत गेली. आजीकडे १९९३ चं एक सापडलं, त्यात माझ्या बायकोच्या पहिल्या दाताची तारीख आहे. मार्वे रोड, ऑर्लेम, लिबर्टी गार्डन, कुरार, कुठेही, तुमच्या माळ्यावर लिहिलेली जुनी कालनिर्णयं असतील आणि तुम्ही ती काढून टाकणार असाल, तर रद्दीवाल्याला देण्याआधी आम्हाला सांगा. आम्ही येऊन घेऊन जाऊ. दुधाचे हिशेब खोडू नका.